ज्याला तहान, त्यानं वाकावं

सभेत एखाद्या ठरावाच्या बाजूनं तुम्ही शेवटचा हात कधी वर केला होता? आणि तो हात खाली घेतल्यावर, तो ठराव जिथं लागू झाला तिथं जाऊन तुम्ही कधी उभे राहिलात का?

मी राहिले. राहावंच लागलं. विहीर आमच्या घरापासून हाकेवर होती आणि ठराव माझ्या वडिलांनी लिहिलेला होता.

आमचं गाव केजच्या पुढं, डांबरी सोडून जीप जिथं धुरळ्यात शिरते तिथं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांकडे शेत होतं ते सांगण्यापुरतं. खरी मालमत्ता म्हणजे पत्रकं. केजच्या छापखान्यातून पिवळ्या आणि गुलाबी कागदांचे गठ्ठे जीपच्या टपावरून यायचे. सभा, मोर्चा, धरणं, काही ना काही चालूच असायचं आणि ते संपलं की उरलेले कागद घरात मुक्कामाला. आई त्यांवर कुरडया वाळत घालायची. माझ्या वह्यांना कव्हरं त्यांचीच. खिडकीची फुटकी काचही दादांनी एका पत्रकानंच बुजवली होती आणि सकाळचं ऊन त्यातून आलं की मातीच्या भिंतीवर मोठाल्या अक्षरांच्या सावल्या हलायच्या.

शाळेच्या पुस्तकात बदक आणि कमळ होतं, आमच्या घरात शोषण आणि हक्क. मी दोन्ही बरोबरच शिकले. थोडी मोठी झाल्यावर दादा मला सभेत पत्रक वाचायला उभं करू लागले, कारण त्यांचा आवाज चार वाक्यांत बसायचा. मी खणखणीत वाचायची. लोक म्हणायचे, 'बापाचं काळीज आन् मायचा गळा हाय पोरीला.' या कागदांनी मला ताठ उभं राहायला शिकवलं. त्यांची टिंगल करणाऱ्यांच्या हातात कोलीत द्यावं म्हणून मी हे लिहीत नाही. जे अजून पत्रकं काढतात, वाटतात, भिंतींवर चिकटवतात, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

त्या वर्षी पाऊस पोळ्यालाही आला नाही आणि दसऱ्यालाही नाही. बोअर आटले. हातपंप दाबला की नुसता खोकायचा. दरवर्षी दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं, त्या वर्षी दिवाळीआधीच गेलं आणि अर्ध्याहून जास्त गेलं. मागे राहिली म्हातारी माणसं, ज्यांना कोयता उचलत नाही ती माणसं, आमच्यासारखी केजच्या कॉलेजात जाणारी मोजकी पोरं आणि पाणी सहकारी मंडळ.

मंडळ दादांनीच उभं केलं होतं. कारण टँकर. टँकर यायचा आणि गावविहिरीत रिकामा व्हायचा. पाइपातून पाणी धो धो आत पडायचं, तळाचा गाळ वर यायचा आणि तो खाली बसायच्या आतच मालकांचे सालगडी कठड्यावर उभे राहायचे. मालक म्हणजे गावातले मोठे बागायतदार. त्यांची मोसंबीची बाग होती, तिच्याही विहिरी आटल्या होत्या. सालगडी तगडे, दोर लांब, बादल्या मोठ्या. बाकीच्यांची पाळी येईपर्यंत तळाला चिखल उरायचा. विहिरीवरचं चाक कुणीतरी मागच्याच दुष्काळात काढून विकलं होतं. त्यामुळे ज्याच्या दंडात जोर आणि ज्याच्या पदरी माणसं, त्याचं पाणी. आम्ही पिणार गढूळ आणि मालकांची मोसंबी पिणार स्वच्छ.

मंडळाचे अध्यक्ष दादाच. पहिल्या सभेत त्यांनी आत्याला उभं केलं.

आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण. दादा तिला आक्का म्हणत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. माहेरी परत आली ती भावाच्या घरात न राहता वस्तीच्या टोकाला स्वतःची खोली बांधून राहिली. चूल वेगळी, रेशनकार्ड वेगळं. मंडळ निघालं तेव्हा सभासदत्वही तिनं वेगळं घेतलं. 'भावाच्या नावाखाली मी न्हाई,' असं तिनं दादांना तोंडावर सांगितलं होतं आणि दादा तेव्हा हसले होते.

त्या सभेत ती म्हणाली, 'ह्या हिरीला आमचा हात लागू देत न्हवते. ओट्याच्या खाली उभं ऱ्हायचं. घागर अशी डोक्याच्या वर धरायची. आन् वरडायचं, वाढा हो माय, वाढा. वरच्या बायांला दया आली तर त्या वरून वतायच्या. निम्मं घागरीत, निम्मं अंगावर. थंडीत सुद्दिक. एकदा एकीनं मुद्दाम बाजूला वतलं आन् हासली. मी ल्हान होते. रडले न्हाई. पर दुसऱ्याच्या हातचं पाणी मी लई पिले. आता पुरं. आता ज्याला तहान, त्यानं वाकावं.'

मालकही खुर्चीवर होते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

तिथल्या तिथं ठराव झाला. प्रत्येक घरानं आपलं पाणी आपण शेंदायचं. गडी लावायचा नाही, दुसऱ्याकरवी शेंदून घ्यायचं नाही. सगळे हात वर. मालकांचाही, कारण सगळ्यांचा होता. दादांनी त्याच आठवड्यात पत्रक काढलं आणि मथळा दिला आत्याच्या वाक्याचा. फाट्यावर पंक्चरचं दुकान चालवणारे चाचा जीपच्या नंबरपाट्याही रंगवायचे. त्यांनी तेच वाक्य विहिरीच्या कठड्यावर लाल ऑइलपेंटनं काढलं. आत्याला अक्षरओळख जेमतेम. ती कठड्यासमोर उभी राहून एकेक शब्द बोटानं लावत होती. मी विचारलं, 'काय गं आत्या?' ती म्हणाली, 'माझं बोलनं दगडावर कसं दिसतंय ते बघू दे की.'

पहिला दिवस मी विसरणार नाही. टँकर आला, गाळ बसला आणि मालकांच्या घरची पाळी पुकारली गेली. मालक स्वतः आले. पांढरी विजार, हातात नवा नायलॉनचा दोर. त्यांनी बादली सोडली ती आडवीच पाण्यावर पडली आणि तरंगत राहिली. दोर हिसडायचा असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

'मालक, ती पव्हायला शिकतीय का?' गर्दीतून कुणीतरी.

'दोर हाताला लावा बे, मिशीला न्हाई!'

चाचा म्हणाले, 'अरे, हवा भरायची हाय का बादलीत? भरून देतो, फुकट.'

लोक पोट धरून हसले. मालकही कसनुसे हसले. त्यांच्या मागे मालकीणबाई डोक्यावरचा पदर सावरत उभ्या होत्या. त्यांनी पुढे होऊन दोर घेतला, एक झटका दिला आणि बादली बुडाली. त्यांच्या माहेरी आड असावा. आमच्या बायकांनी नकळत 'अगं माय' म्हटलं.

त्या दिवशी सगळ्यांच्या घागरी भरल्या. स्वच्छ पाण्यानं. हे घडलं होतं, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन. पुरुष माणसं विहिरीवर यायला लागली. आष्टीकडून दोन गावांची माणसं आमचं मंडळ बघायला आली आणि पत्रकं घेऊन गेली. मी कॉलेजात मान वर करून फिरायची.

मग मालकांनी वाट काढली. त्यांच्या शेतात काम मागायला येणाऱ्या मजुरांनी यायचं ते एक हंडा पाणी घेऊन, आणि तो मालकांच्या हौदात ओतायचा, तरच काम. विहिरीवर सगळं नियमानं आणि गल्लीत पाणी पुन्हा मोसंबीकडे. मंडळ भडकलं, आणि बरोबरच भडकलं. दुसरा ठराव झाला. एका घराचं पाणी दुसऱ्या घरात जाणार नाही. घर बंद करून बाहेरगावी राहिलेल्याची पाळी जाईल. ज्या घरानं नियम मोडला त्याची पाळी बंद. राखणीला आमच्या वस्तीची आणि गावातली जवान पोरं, गळ्यात पिवळे रुमाल, तोंडात शिट्ट्या. हात पुन्हा वर. माझाही होता. आजही तो ठराव वाचला तर मालकांच्या हौदाविरुद्ध त्यात एक शब्द चुकीचा सापडणार नाही.

आत्याचा हात मोडला तो पाण्यापायी नाही. केजच्या बाजारातून परत येताना ती जीपच्या मागच्या पायरीवर उभी होती, कारण आत जागा नव्हती. फाट्यावर ड्रायव्हरनं गचका दिला आणि ती उजव्या मनगटावर पडली. चाचांनी दुकान तसंच उघडं टाकून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. कोपरापर्यंत प्लास्टर. डॉक्टरनं सांगितलं, हाताला झटका बसता कामा नये.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. आत्याची पाळी पुकारली गेली आणि ती नुसती उभी राहिली. राखणीच्या पोरानं पुन्हा शिट्टी वाजवली. पाळी पुढं गेली.

आई त्याच दुपारी पदराखाली भरलेली कळशी घेऊन आत्याकडे निघाली. वस्तीच्या कोपऱ्यावर शिट्टी वाजली. वाजवणारा आमच्याच शेजारचा, आईच्या हातचं खाऊन मोठा झालेला. तो बिचारा खालमानेनं म्हणाला, 'काकू, तुमीच असं केल्यावर मी मालकाच्या मान्साला कसा अडवू?' आईला कळशी घेऊन विहिरीपर्यंत जावं लागलं आणि सगळ्यांदेखत ते पाणी परत विहिरीत ओतावं लागलं. अध्यक्षाच्या घराला पहिली चूक म्हणून पाळी बंद केली नाही, फक्त समज दिली. समज देणारे दादाच होते.

घरी आल्यावर आई म्हणाली, 'तुमच्या ठरावाला हात हायत का? मग त्यालाच पाठवा आक्काचं पाणी शेंदायला.'

दादा म्हणाले, 'तिला इकडं आन. आपल्या घरात ऱ्हाईल, आपल्यातलं पील.'

मी आत्याला आणायला गेले. ती दारात बसून डाव्या हातानं चुलीतली राख ओढत होती. 'आश्रिताला येऊ का?' ती म्हणाली. 'माझं दार बंद झालं की माझी पाळी गेली. तुमाला माईत न्हाई व्हय? त्यो ठराव हाय. आन् एकदा गेलेलं नाव मंडळ माघारी घालंल, ह्याचा भरवसा कोन देतं, तुझा बाप?'

शेवटी दादांनीच सभा बोलावली. शाळेच्या व्हरांड्यात, दुपारी. विषय एकच, हात मोडलेल्या सभासदाला सूट द्यावी की नाही. विषय मांडताना दादांनी 'माझी बहीण' असं म्हटलं नाही, 'एक सभासद' म्हणाले. माझ्या शेजारी बसलेल्या आईनं पत्रकाचा कागद हातात चुरगळला.

आणि मालक उठले. इतक्या गोड आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. 'अध्यक्षसाहेब, माणुसकीचा प्रश्न आहे. सूट दिलीच पाहिजे. माझा पूर्ण पाठिंबा.' थोडं थांबून म्हणाले, 'आमच्या आईचेही गुडघे गेलेत. बंधूंना मणक्याचा त्रास आहे. त्यांची घरं वेगळी आहेत. तेवढ्यापुरता एखादा गडी लावायला तुमची हरकत नसावी.'

दादांचा चेहरा मी बघत होते. त्यांना सापळा दिसत होता, सगळ्यांनाच दिसत होता. आक्काच्या मनगटाच्या फटीतून मालकांचे सालगडी पुन्हा विहिरीवर येणार होते. पिवळे रुमालवाले ओरडले, 'सूट न्हाई! कुनालाच न्हाई!' सगळा व्हरांडा घुमला. आमच्याच वस्तीतले लोक सर्वांत मोठ्यानं ओरडत होते. मोडलेलं हाड आणि मोसंबीची बाग यांतला फरक करायला मंडळाला दवाखान्याचा कागद पुरला असता. तिचं घर बघून यायला चार पावलंही पुरली असती. पण फरक करायचा म्हणजे जबाबदारी घ्यायची, आणि उद्या कुणी बोट दाखवलं तर उत्तर द्यायचं. सरसकट नाही म्हणणं सोपं होतं, शिवाय ते तत्त्वासारखं दिसत होतं.

मी उभी राहिले आणि म्हणाले, 'मालकांच्या आईसाठी घरात तीन सुना आहेत. आत्याला कोण आहे?' कुणीतरी मागून म्हणालं, 'अध्यक्षाची पोरगी हाय, ती बोलनारच.' दादांनी मला हातानं बसायची खूण केली. सूट नामंजूर झाली. हात वर करताना दादांचा हात सर्वांत शेवटी गेला, पण गेला.

पुढच्या टँकरला आत्या विहिरीवर आली. बादलीच्या दोराचं एक टोक पोटाला बांधून आली होती. पाळी पुकारली तशी ती कठड्याशी गेली, डाव्या हातानं बादली सोडली, एक झटका दिला. बादली बुडाली. मग ती दोर ओढायची, ओढलेला दोर पायाखाली दाबून धरायची आणि पुन्हा हात खाली घालायची. भोवती सगळं गाव. मालकीणबाईंची पाळी नुकतीच झाली होती, भरलेला हंडा शेजारीच होता. त्यांनी नकळत हात पुढं केला तर रुमालवाला मध्ये आला. 'बाईसाहेब, दोराला हात लावायचा न्हाई. ठराव हाय.' त्याच्या आवाजात केवढा अभिमान होता. ज्यांच्या दारात त्याच्या बापानं पायतण हातात घेऊन उभं राहावं, त्यांना तो आज अडवत होता. मला त्याचा तो अभिमान कळत होता आणि त्याच वेळी मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

बादली निम्म्यावर आली आणि पायाखालचा दोर निसटला. बादली विहिरीच्या दगडांवर आपटत खाली गेली. जाताना तिनं आत्यालाही पुढं ओढलं. ती कठड्यावर पोटावर पडली. प्लास्टरचा हात दगडावर आदळला.

दादा पलीकडे उभे होते. एक पाऊल पुढं आले आणि थांबले.

आत्या उठली. पोटाचा दोर सोडून टाकला. रिकामी घागर घेतली आणि ओट्याच्या पायऱ्या उतरून खाली गेली. खाली मातीत, बरोबर त्या जागी, जिथं उभं राहण्याची गोष्ट तिनं सभेत सांगितली होती. डाव्या हातानं घागर डोक्याच्या वर धरली. आणि दादांकडे बघत मोठ्यानं म्हणाली,

'वाढा हो माय, वाढा.'

ती हाक गावानं कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. आमच्या पिढीनं तर कधीच नाही. चाचा तोंडावर हात ठेवून दुसरीकडे वळले. दादा म्हणाले, 'आक्का, असं करू नको.' ती पुन्हा म्हणाली, 'वाढा हो माय.'

तेव्हा मालकीणबाईंनी आपला भरलेला हंडा उचलला, कठड्याच्या कडेला आल्या, वाकल्या आणि आत्याच्या घागरीत पाणी ओतलं. शिट्ट्या वाजत होत्या. त्या थांबल्या नाहीत. त्यांनी अगदी हळू ओतलं, थेंबही बाहेर सांडू न देता. घागर भरली तशी ती आत्याच्या एका हाताला पेलेना. तेव्हा मी खाली उडी मारून घागरीला हात लावला. आम्ही दोघींनी ती घरी नेली. वाटेत ती एवढंच म्हणाली, 'ह्यांच्याच सासूनं बाजूला वतलं व्हतं.'

त्या दुपारी मंडळानं मालकांच्या घराची पाळी बंद केली.

आणि गावानं जल्लोष केला. एवढे दिवस मालक नियमात सापडत नव्हते, आज सापडले. पिवळे रुमाल हवेत उडाले. माझ्याच मैत्रिणीचा भाऊ हलगी घेऊन आला. विहिरीभोवती फेर धरून पोरं ओरडत होती, 'ज्याला तहान! त्यानं वाकावं!' एका बाईनं एका बाईला पाणी दिलं, त्याची ही विजयसभा होती. आणि मालक? मालक वाड्याच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, 'गावात पाणी द्यायला शेवटी आमचंच घर उरलं.' ते वाक्य त्यांना आणखी किती वर्षं पुरणार होतं, हे माझ्यासारख्या पोरीलाही कळत होतं. ते त्यांना आम्ही फुकट दिलं.

संध्याकाळी आत्या आमच्या घरी आली. दिवेलागणीची वेळ. दादा ओसरीवर बसून नव्या पत्रकाचा मजकूर जुळवत होते. ती उंबऱ्यातच बसली. आईनं तिला पाणी दिलं नाही, देता येत नव्हतं. रिकामा तांब्या मात्र तिच्यासमोर ठेवला. दादांना दिसावा असा.

'माझं बोलनं माघारी दे,' आत्या म्हणाली.

'काय?'

'ते हिरीवरचं. तुझ्या कागदावरचं. ते मी बोलले व्हते. माघारी दे. खोडून टाक.'

दादा मजकुराचा कागद बाजूला सारत म्हणाले, 'आक्का, ते आता तुझं एकटीचं ऱ्हाईलं न्हाई. ते मंडळाचं हाय.'

'मी कुनाच्या दयेवर जगायचं न्हाई म्हनून बोलले. कुनी कुनाला द्यायचंच न्हाई, असं कवा बोलले? सांग की. तू शिकलेला हायस.'

'सूट दिली असती तर मालक...'

'मालक, मालक, मालक. तुझ्या डोळ्याम्होरं मी खाली उभी व्हते, आन् तुला मालकच दिसला.'

दादा वाईट नव्हते. आयुष्यभर त्यांनी एकाचीही लाच घेतली नव्हती, कुणापुढं मान तुकवली नव्हती आणि बहिणीसाठीसुद्धा नियम वाकवला नाही म्हणून त्या रात्री गावात त्यांची मान आणखी उंच झाली होती. त्याचीच मला भीती वाटली, आणि अजून वाटते. माणूस लबाड असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं.

आत्या उठली. जाताना माझ्याकडे वळून म्हणाली, 'तू वाचतीस ना सभेत? हे बी वाच कवातरी.'

दुसऱ्या दिवशी दादांनी मला पत्रकाचा मजकूर नीट लिहून काढायला दिला. मालकांच्या घराची पाळी बंद केल्याचा. शेवटी एक परिच्छेद होता, एका ज्येष्ठ सभासद भगिनीनं हालअपेष्टा सोसल्या पण ठरावाची शान राखली, असा. मी कागद परत दिला. म्हणाले, 'हे खोटं आहे दादा. मी लिहिणार नाही आणि वाचणारही नाही.' पत्रक निघालंच. दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात छापखान्यात गेलं. पिवळ्या कागदावर आलं.

त्याआधी आत्या चाचांकडे गेली होती, कठड्यावरचा रंग खरवडून द्या म्हणून. चाचा ब्रश रॉकेलात बुडवत म्हणाले, 'आपा, हात माझा, पर रंग मंडळाचा. मी पुसला तर मंडळ माझं दुकान बंद करील, मंग सगळी पंक्चर तुमीच काढत बसा. मला कावून फसवता?' हसवायला म्हणाले, पण ती हसली नाही आणि मग तेही हसले नाहीत. त्यांनीच तिचं बोचकं जीपमध्ये ठेवलं. ती सिरसाळ्याला नवऱ्याच्या पुतणीकडे गेली. दार बंद झालं. ठरावाप्रमाणे तिची पाळी गेली.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. विहिरीला पाणी आलं, शिट्ट्या खुंटीला गेल्या. प्लास्टर तर केव्हाच निघालं. मी सिरसाळ्याला गेले. पुतणीच्या दारात नळाला पाणी होतं. आत्यानं डाव्याच हातानं पेला भरून माझ्यासमोर ठेवला. उजवं मनगट वाकडं जुळलं होतं.

मी म्हणाले, 'आत्या, चल की घरी.'

तिनं विचारलं, 'ते अजून हाय का दगडावर?'

मी हो म्हणाले.

'मंग कशी येऊ? त्याच्या म्होरून रोज जायाचं व्हय?'

ते अजून आहे. उन्हानं लाल रंग विटतो, तरी अक्षरं वाचता येतात. मंडळ दर पाडव्याला तो ताजा करतं. दरवर्षी सभेत मी उभी राहते आणि मागणी करते की हे वाक्य जिचं आहे तिला परत द्या, आणि ठरावात एक ओळ घाला, ज्याला शेंदता येत नाही त्याला शेंदून द्यायचं. लोक म्हणतात, आता पाणी आहे, आता कशाला. दादा खाली बघतात. मागच्या सभेत आईचा आणि चाचांचा हात वर आला. बाकीचे आले नाहीत. पुढच्या दुष्काळाआधी ते यावेत एवढंच मला हवं आहे, म्हणजे एका वाकड्या मनगटाची बाई तिच्या दाराचं कुलूप काढू शकेल.

तुमचा हात आमच्या सभेत मोजला जाणार नाही. तो तुमच्या गावात आहे, तुमच्या सोसायटीत, तुमच्या संघटनेत. ठराव करू नका, असं मी म्हणत नाही. कराच, मालकांविरुद्ध कराच. पण ज्या ठरावासाठी तुम्ही हात वर केलात, तो जिथं चालतो तिथं या आठवड्यात जा. सभेच्या जागी नाही, पाण्याच्या जागी. थोडा वेळ उभे राहा आणि ओट्याच्या खाली कुणी आहे का बघा. असेल तर आधी तिची घागर भरा, शिट्टी वाजली तरी भरा. मग सभेत जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगा की मी भरली, आणि ठराव तिथल्या तिथं दुरुस्त करून घ्या. हेच सांगायला मालक उठतील, त्याच्या आधी तुम्ही उठा.